स्प्रेवर आळ

दसरा झाला की आमच्या पार्लरात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "ताई, तुमच्या त्या स्प्रेनं माझे केस गेले हो!" मराठी बाई असली तर 'ताई', गुजराती असली तर 'बेन', तक्रार तीच. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं माझं पार्लर नवरात्रात दुपारपासूनच भरतं. जिन्यात चनिया-चोल्या, खुर्चीवर पिनांचे डबे, हवेत स्प्रेचा वास. आणि आठवड्याभरानं त्याच बायका गळलेल्या केसांचा पुंजका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून घेऊन येतात. एकीनं तर स्टीलच्या डबीत आणला होता.

प्रत्येकीला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो, म्हणूनच कापताना दुखत नाही. तो वाढतो कातडीच्या आत, काही मिलिमीटर खाली, आणि महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. स्प्रेमध्ये असतं अल्कोहोल आणि त्यात विरघळलेलं एक चिकट पॉलिमर. अल्कोहोल उडून जातं आणि केसावर जिलेबीवरच्या वाळलेल्या पाकासारखा पातळ थर उरतो. तोच एका केसाला दुसऱ्याशी सांधून ठेवतो. जेलचं काम तसंच, फक्त त्यात पाणी जास्त. मुळाशी जाऊन वाढ थांबवण्याची ताकद या दोघांत नाही. वाढवण्याचीही नाही, हे पण ऐकून ठेवा. 'केस वाढवणारं स्टायलिंग जेल' घेऊन येणाऱ्या सेल्समनला मी चहा पाजते आणि परत पाठवते.

मग पिशवीतले केस आले कुठून?

धडधाकट माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. एरवी ते फणीत, न्हाणीघरात, उशीवर, रिक्षात असे विखरून जातात, कोणी मोजत बसत नाही. पण सप्तमीला घातलेला अंबाडा "पैसे दिलेत ना, नवमीपर्यंत टिकवते" म्हणून तसाच ठेवला, त्यावर रोज नवा स्प्रे मारला, तर त्या दिवसांत गळलेले केस जाणार कुठं? ते तिथंच अडकून बसतात आणि अंबाडा सुटला की सगळे एकदम ओंजळीत येतात. बाई घाबरते. यातले बरेचसे केस स्प्रे मारला नसता तरी गळलेच असते.

राहिलेले केस तुटलेले असतात. फरक ओळखायला भिंग लागत नाही. एक केस काळ्या ओढणीवर ठेवा. एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून सुटून आलेला. ठिपका नाही आणि लांबीही अर्धवट, तर तो मधेच तुटलेला. डबीवालीचे केस आम्ही दोघींनी असे पसरून पाहिले. निम्म्याहून जास्त तुटलेले निघाले. विचारल्यावर कळलं, रात्री एकला घरी येऊन बाईंनी कडक झालेल्या केसांत वरून खाली बारीक दाताची फणी घातली होती. बॅककोंबिंग केलेले (फुगवायला उलटे विंचरलेले), स्प्रे वाळलेले केस असे ओढले तर दुसरं काय होणार!

अंबाडा सोडवायचा कसा, ते सांगते. आधी सगळ्या पिना काढायच्या, बोटांनी चाचपून, कारण दोन-तीन हमखास लपलेल्या असतात. मग रबर. रबर ओढून काढायचं नाही, कात्रीच्या टोकानं कापायचं. दोन रुपयांचं असतं ते. मग केस कोमट पाण्यानं नीट भिजवायचे. बहुतेक स्प्रे पाण्यानं मऊ पडतात. केसांच्या लांबीला भरपूर कंडिशनर चोपडून पाच मिनिटं थांबायचं आणि रुंद दाताच्या कंगव्यानं खालच्या टोकापासून सुरू करून वीत वीत वर यायचं. गुंता लागला की वरचा भाग मुठीत धरायचा, म्हणजे ओढ मुळावर येत नाही. शाम्पू शेवटी, आणि तो टाळूला. रात्री एकला हे सगळं जिवावर येतं, मान्य. पण मग निदान कोरडी फणी तरी घालू नका, सकाळपर्यंत धीर धरा.

केशरचनेत खरी भीती कशाची असेल तर ओढीची. गरब्याचा अंबाडा गोल गोल फिरूनही हलता कामा नये, म्हणून केस घट्ट मागे ओढायचे, त्यात गंगावन घालायचं, वर मोत्यांची जाळी आणि त्यावर आरसेकामाच्या ओढणीचं वजन पिनेनं अडकवायचं. हा सगळा भार कानशिलावरच्या नाजूक केसांवर येतो. डोकं ठणकायला लागलं तर "पहिल्या दिवशी असंच वाटतं" असं म्हणणाऱ्या पार्लरवालीवर विश्वास ठेवू नका. सैल करून मागा. नऊ रात्रींत टक्कल पडत नाही, पण वर्षानुवर्षं रोज तेच झालं तर पडतं. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या भरतनाट्यमच्या मुलींमध्ये त्याची सुरुवात दिसते: कानशिलापाशी केस विरळ, आणि कडेला लहान, बारीक केसांची एक झालर तेवढी शिल्लक. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. तसंच रेटत राहिलं तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथं मग काही उगवत नाही.

टाळूचं प्रकरण निराळं. आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मॅलेसेझिया नावाची एक बुरशी राहते आणि ती तेलावर जगते. बडोद्याचा ऑक्टोबर, मैदानातली धूळ, घाम, वर मुळाशी मारलेला स्प्रे, आणि "सेटिंग बिघडेल" म्हणून डोकं धुवायचं नाही. खाज सुटणारच. मग नखं, मग ओरखडे. कोंडा असेल तर केटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटं ठेवावा लागतो. लावला की लगेच धुणाऱ्या बायका मला सांगतात, गुण आला नाही.

आमच्या सासूबाईंचा सगळ्यावर एकच इलाज, खोबरेल. त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांना ते जमलं नाही. पण फायदा झाला तो केसाला. कोंडा असलेल्या टाळूवर रात्रभर तेल थापणं म्हणजे त्या बुरशीला जेवायला वाढणं. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

भाचा वॅक्स लावतो, त्याच्या कपाळावर केसांच्या रेषेला लागून बारीक पुळ्या येतात. तेलकट पोमेडमुळे येणाऱ्या अशा पुळ्यांवर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच लिहून ठेवलंय. वॅक्स कपाळापासून दोन बोटं मागे लावायचं, रात्री धुऊन झोपायचं, एवढंच. त्याच्या कपाळावरच्या केसांचे दोन्ही कोपरे मागे सरकताहेत, त्याचा दोष मात्र वॅक्सचा नाही. त्याच्या वडिलांकडे आणि आजोबांच्या फोटोकडे बघा.

आता ज्यांचे खरोखर मूठ-मूठ केस जाताहेत, पांढऱ्या ठिपक्यासकट, त्यांना मी पहिला प्रश्न विचारते: पावसाळ्यात ताप आला होता का? डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड काहीही. मोठा ताप आला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ऑगस्टमधला ताप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंगव्यात दिसतो. तोपर्यंत ताप विसरलेला असतो आणि स्प्रेचा डबा मात्र समोर असतो. बाळंतपणानंतर हेच होतं, आणि चोळीत मावायचं म्हणून दोन महिने काकडी खाऊन राहिलं तरी हेच. बहुतेकींचे सहाएक महिन्यांत आपोआप भरून येतात. नाही आले तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्यावं. मला महागडं स्पा विकता येईल त्याच्यावर, पण गावातच राहायचंय मला.

केस सरळ करायचं स्मूदनिंग मी बंद केलं, ते का, हेही लोक विचारतात. काही क्रीम गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सोडतात, डोळे चुरचुरतात, आणि माझे हात तर दिवसभर त्यातच. मग 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं छापून ग्लायॉक्झिलिक ॲसिडवाली आली. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत छापली: अशा क्रीमनं प्रत्येक वेळी केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्यानंतर मी नादच सोडला.

आणि नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, लहान मुलाच्या डोक्यावर खवले, पू, ठणका यांपैकी काही दिसलं तर माझ्या जिन्यानं वर येऊ नका. सरळ सयाजी हॉस्पिटलच्या चामडीच्या ओपीडीत जा. जाताना डोकं धुऊन जा, तेल, स्प्रे, काही नको. थापलेल्या तेलाखाली डॉक्टरांना काही दिसत नाही, आणि पुन्हा उद्या या म्हणतात.