आजीच्या पेटीतला चाकू

गुरांचं लम्पीचं लसीकरण आटोपून दवाखान्यात शिरलो, तर टेबलापाशी वनपाल बसलेले आणि बाकावर ऐंशीपलीकडची एक आजी, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. वनपालांनी पिशवीतून चाकू काढला. वीतभर लांब, चामड्याचं म्यान, मूठ शिंगाची. "डॉक्टर, पंचनामा अजून केला नाही. भेकर का चितळ, तेवढं सांगा."

आमचा भाग नागझिऱ्याच्या अभयारण्याला लागून. जंगलात गळून पडलेलं शिंग घरात ठेवलं तरी १९७२च्या वन्यजीव कायद्यात माणूस अडकतो. म्हणून मी घाई केली नाही.

मूठ हाडासारखी भरीव होती. म्हणजे नीलगाय, काळवीट बाद. त्यांची शिंगं आतून पोकळ. चितळाचं शिंग त्यामानानं गुळगुळीत, सांबराच्या शिंगावर लांब खोल खाचा, आणि दोन्हींचा बुंधा याहून कितीतरी जाड. उरलं भेकर. आकार जुळत होता, तिथेच मी अडखळलो. पण भेकराच्या शिंगावर एवढे दाणे येत नाहीत. इथे बुंध्याची कडी आणि तिच्या वरचा भाग ज्वारीच्या कणसासारखा दाण्यांनी भरलेला. असं शिंग युरोपातल्या 'रो' नावाच्या लहान हरणाचं. ते आपल्याकडे नाहीच.

पातं पुसून भिंगाखाली धरलं. 'सोलिंगेन'. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारं. त्याखाली 'वेस्ट जर्मनी', म्हणजे १९४९ ते १९९० मधला माल. सोलिंगेन हे चाकूसुऱ्यांचं शहर. १९३८पासून तिथल्या कायद्यानं बाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. मुठीवर मात्र टिकलीएवढा रंगीत बिल्ला, त्यावर डोंगर आणि 'बेर्श्टेसगाडेन', आल्प्समधलं पर्यटकांचं गाव. घडवला एकीकडे, फिरायला गेलेल्यानं आठवण म्हणून घेतला दुसरीकडे.

"आजी, घरचं कोणी जर्मनीले होतं का?"

"जर्मनीले नाई बापा. आमचे मालक राउरकेल्याले होते, पोलादाच्या कारखान्यात. गोऱ्या सायबानं गावी जाताना देल्ला. म्या त्यानं कांदा बी नाई कापला कधी."

राउरकेल्याचा कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीनंच उभा राहिलेला. १९५९ साली तिथली पहिली झोतभट्टी पेटली.

मी लेखी मत दिलं: चितळ, सांबर, भेकर यांपैकी नाही. शंका राहिली तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडून डीएनए तपासावा. त्यासाठी मूठ खरवडावी लागेल, हेही मुद्दाम लिहिलं. वनपाल बाहेर जाऊन बराच वेळ वरिष्ठांशी फोनवर बोलले. आत आले आणि चाकू आजीच्या हातात दिला.

तिनं म्यान पदरानं पुसलं, चाकू आत सारला आणि गावाकडची शेवटची एसटी गेली का, ते विचारलं.