दोनवरून एकवर येताना

कापूरबावडीच्या सिग्नलला माझी ऑटोमॅटिक गाडी हळू होत होती आणि मागून कोणीतरी ठोकल्यासारखा झटका बसला. आरशात पाहिलं, तर मागची रिक्षा चांगली हातभर लांब. मग हे रोजचंच झालं. सकाळी थंड गाडीला काही नाही. घोडबंदर रोडवर अर्धा तास रखडलं की दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात येताना झटका, आणि पार्किंगमध्ये डीवरून (पुढे) आर (रिव्हर्स) टाकला की खालून 'धप्प'.

शेजारी म्हणाले, ऑटोमॅटिकला झटके असतातच. त्यांची एएमटी आहे. तिच्यात साधाच गिअरबॉक्स, क्लच तेवढा आपल्याऐवजी यंत्र दाबतं, त्यामुळे गिअर बदलताना गाडी मान डोलावतेच. माझ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते; तिथे गिअर पडलेला कळताही कामा नये.

सर्व्हिस सेंटरने एक चक्कर मारून व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा भागच, बदलायला सांगितली. खर्च लाखाच्या वर. सही न करता निघालो.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने आधी स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या बिघाडाचा एकही कोड नाही. मग बॉनेट उघडून बाजूला उभा राहिला. "साहेब, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा. आता डी. आता आर." दर वेळी इंजिन बोटभर उचलून आदळत होतं. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर फाटलेलं, धप्प तिथून.

पण झटका? आमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही. गाडी रॅम्पवर सपाट, इंजिन चालू, ऑइल चाळीस अंशांच्या आसपास आलं की लेव्हलचा बोल्ट खोलायचा. बारीक धार यायला हवी. थेंबही आला नाही, म्हणजे ऑइल कमी. एक्सलच्या ऑइल सीलपाशी चिकट ओल होती. ड्रेन केलेलं ऑइल त्याने बोटावर घेऊन दाखवलं. नवं लालभडक असतं. हे आटलेल्या चहासारखं, वासही करपट. 'लाइफटाइम ऑइल आहे, बघायलाच नको,' असं गाडी घेताना ऐकलं होतं. कोणाच्या लाइफबद्दल, ते विचारायचं राहिलं.

ड्रेन करून जेमतेम निम्मं ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून हजार किलोमीटरनंतर परत बदललं. सील, फाउंडेशन, ॲडाप्टेशन रीसेट (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने लावून घेतलेल्या सवयी पुसणं) धरून बावीस हजार झाले. रीसेटनंतर दोन दिवस गिअर बावचळल्यासारखे पडत होते, मग बसले.

आता गायमुखच्या चढावरही गाडी गुपचूप जाते. पार्किंगमध्ये तिच्याखाली एक पुठ्ठा टाकून ठेवलाय. रोज सकाळी वाकून बघतो. अजून कोरडा आहे.