टीझरचे सहा पॉइंट फुकट नसतात

एनएफएलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगवर, पैसे लावायचेच असतील तर टीझर नावाची पैज लावावी, असं माझ्या भाच्याचं आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्रांचं ठाम मत आहे. 'मावशी, सहा पॉइंट फुकट मिळतात गं!' मी न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजमध्ये संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हे ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. ओळखीतली कितीतरी मुलं हल्ली हेच बोलताना ऐकते, म्हणून त्याला जे सांगितलं ते सविस्तर लिहिते.

आधी स्प्रेड, म्हणजे सामन्याआधी बुकी ठरवतो तो पॉइंटांचा फरक, समजून घ्या. एखादा संघ -8 असेल, तर तो 8 पेक्षा जास्त पॉइंटांनी जिंकला तरच त्याच्यावरची पैज जिंकते. समोरचा संघ +8, म्हणजे तो 7 पॉइंटांनी हरला तरी त्याच्यावर लावणारा जिंकतो. नेहमीचा भाव -110, म्हणजे 100 डॉलर कमवायला 110 लावायचे. टीझरमध्ये दोन किंवा जास्त सामने एकत्र बांधायचे आणि प्रत्येकाची लाइन, म्हणजे हाच स्प्रेडचा आकडा, सहा पॉइंटांनी आपल्या बाजूला सरकवून घ्यायची. -8 चं -2 होतं, +2 चं +8. मात्र बांधलेले सगळे सामने बरोबर यायला हवेत. एक चुकला की पैसे गेले.

सगळी मेख या 'सगळे' मध्ये आहे. दोन सामन्यांच्या टीझरचा भाव -120 असेल, तर ना नफा ना तोटा व्हायलाही 54.5 टक्के वेळा जिंकावं लागतं. त्यासाठी प्रत्येक सामना सुमारे 73.9 टक्के वेळा बरोबर यायला हवा. भाव -110 असेल तर 72.4 टक्के पुरतात, -130 असेल तर 75.2 लागतात. आता डोळे मिटून कुठलेही दोन संघ घेतले, तर सहा पॉइंट मिळूनही प्रत्येक सामना सत्तर टक्क्यांच्या आसपासच येतो. दोन्ही येण्याची शक्यता 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्के. पैसे हळूहळू जातात आणि मधूनमधून जिंकल्यामुळे ते जाताना जाणवतही नाहीत. मला काळजी वाटते ती याचीच.

मग कधीच लावू नये का? तसंही नाही, आणि मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोलचे 3 पॉइंट आणि टचडाउनचे किकसह 7. त्यामुळे जिंकण्याचा फरक सगळ्या आकड्यांवर सारखा पसरत नाही. सुमारे 15 टक्के सामने बरोबर 3 च्या फरकाने संपतात आणि 9 टक्क्यांच्या आसपास 7 च्या. 2022, 2023 आणि 2024 चे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, आठवा: 23-20, 38-35, 25-22. तिन्ही तीनच पॉइंटांनी! म्हणजे सहा पॉइंट सरकवताना 3 आणि 7 हे दोन्ही आकडे ओलांडले, तर त्या पॉइंटांना खरी किंमत आहे.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारातला जाणकार स्टॅनफर्ड वाँग (हे त्याचं टोपणनाव) याने हेच मांडलं, म्हणून या प्रकाराला वाँग टीझर म्हणतात. फेव्हरिट (जिंकेल असा अंदाज असलेला संघ) -7.5 ते -8.5 असेल तर तो -1.5 ते -2.5 वर आणायचा. अंडरडॉग (कमजोर मानलेला संघ) +1.5 ते +2.5 असेल तर तो +7.5 ते +8.5 वर न्यायचा. बस, एवढेच संघ. अर्थात बुकीही हे वाचतात. म्हणून जो टीझर पूर्वी -110 ला मिळायचा तो हळूहळू -120 ला गेला आणि आता बऱ्याच ठिकाणी त्याहून महाग आहे. भाव वाढला की वाँगचा हिशोबही तोकडा पडायला लागतो.

भाच्याचा एक टीझर मी फोनवर पाहिला. त्यात एक संघ -3 वरून +3 वर नेलेला आणि दुसरा -13 वरून -7 वर. भाव -130. पहिल्यात सहा पॉइंटांचा बराचसा भाग शून्याच्या आजूबाजूला वाया गेला. एनएफएलमध्ये बरोबरी क्वचितच होते आणि 1 किंवा 2 च्या फरकाचे सामनेही 3 च्या मानाने कमी असतात. दुसऱ्यात तो 7 पर्यंत पोचला, पण 7 ओलांडलाच नाही. संघ बरोबर 7 ने जिंकला तर काय, हे मी विचारलं तेव्हा त्याला माहीत नव्हतं. काही ठिकाणी तो सामना टीझरमधून वगळतात, काही ठिकाणी पैसे परत देतात, काही ठिकाणी चक्क हार धरतात. 'अरे, पैसे लावण्याआधी एवढं तरी वाचायचं,' म्हटलं.

बास्केटबॉलच्या टीझरबद्दल एवढंच सांगते, की तिथे 3 आणि 7 सारखे ठळक आकडेच नाहीत, त्यामुळे मिळालेल्या पॉइंटांना तेवढी किंमत नाही. फुटबॉलमधला तीन सामन्यांचा दहा पॉइंटांचा टीझर तर आणखी फसवा. -120 ला प्रत्येक सामना जवळपास 82 टक्के वेळा यावा लागतो.

2018 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बहुतेक राज्यांत खेळांवरच्या पैजा रोखणारा 1992 चा केंद्रीय कायदा रद्द केला. न्यू जर्सीनेच तो खटला लढवला होता आणि जूनमध्ये मॉनमथ पार्क या घोड्यांच्या रेसकोर्सवर इथली पहिली कायदेशीर पैज लागली. आता सगळं फोनवर आहे आणि ॲप उघडलं की टीझर समोरच दिसतो. भाचा सज्ञान आहे, पैसे त्याचे आहेत. मी त्याला थांबवू शकत नाही, हिशोब मात्र शिकवू शकते. गेल्या रविवारी त्याने सगळ्या लाइन नीट पाहिल्या. -7.5 चा एक संघ सापडला, पण त्याच्याबरोबर बांधायला दुसरा मिळेना, आणि भाव -130 होता. त्याने काहीच लावलं नाही.