४१ डॉलरची तिकिटं आणि १२६ डॉलरचं पोस्टेज

मी पुण्यात एका छोट्या नाण्या-तिकिटांच्या दुकानात कामाला आहे. मालक दुकानात कमी आणि प्रदर्शनांमध्ये जास्त, त्यामुळे ऑनलाइनचं सगळं माझ्या गळ्यात. आमची जी जुनी गिऱ्हाइकं आहेत, बहुतेक रिटायर्ड मंडळी, त्यांना बाहेरच्या साइटवरून तिकिटं हवी असतात पण कार्ड, ओटीपी, डॉलर ही भानगड नको असते, मग आम्ही मागवून देतो आणि वर थोडं कमिशन घेतो.

त्यातले एक काका मूळचे भोरचे, शाळेत भूगोल शिकवायचे. जमवतात फक्त भोर संस्थानची तिकिटं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भोरने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, अर्धा आणा आणि एक आणा, हातकागदावर शिक्का मारून केलेली, मागे गोंद नाही की कडेला भोकं नाहीत. मग १९०१ मध्ये तिथल्या राजांचं, म्हणजे पंतसचिवांचं, चित्र असलेलं एक आलं, की झाला कॅटलॉग संपला. त्यामुळे काका एकाच तिकिटाचे नमुने गोळा करत बसतात, हा कागद जाड, तो पातळ, याचा शिक्का तिरका, त्याची शाई फिकट. आणि ही तिकिटं महाग नाहीत बरं का, चार-पाच डॉलरला बरा नमुना मिळतो. खरी गंमत पुढे असते.

२०२४ च्या दिवाळीआधी अमेरिकेतल्या एका सेलरने भोरचे सात लॉट, म्हणजे वेगवेगळे विकायचे सात नग, एकदम लावले. काका दुकानात येऊन माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि सातही घ्यायला लावले. सगळे मिळून ४१ डॉलर. शिपिंग मात्र प्रत्येक लॉटला १८ डॉलर, म्हणजे १२६. तिकिटं साडेतीन हजाराची आणि आणायचा खर्च साडेदहा हजार! मी पैसे भरायच्या आधीच मेसेज टाकला की बाबा सगळं एकाच पाकिटात टाक आणि एकत्र बिल दे, तर उत्तर आलं की साइट आपोआप लावते, तुम्ही भरा, मी नंतर ॲडजस्ट करतो. भरले. ॲडजस्ट कसलं आणि काय.

हे का करतात ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लिस्टिंगमध्ये किंमत छोटी दिसली की माणूस क्लिक करतो, आणि माल परत केला तर बऱ्याचदा वस्तूचे पैसे मिळतात, जायचं-यायचं भाडं नाही. पूर्वी तर ईबेसुद्धा आपली फी फक्त वस्तूच्या किमतीवर घ्यायचं, मग लोक एक डॉलरची वस्तू आणि वीस डॉलर शिपिंग असं लावून फी वाचवायचे. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत शिपिंगवर पण फी लावली तेव्हा कुठे ते जरा कमी झालं. शिवाय आपल्याकडे कस्टम ड्युटी लागली तर ती नुसत्या वस्तूवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागते, म्हणजे फुगवलेल्या शिपिंगवर परत ड्युटी. (विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही असं कस्टमच्या २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्समध्ये आहे, हे मागवणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. बिल आलं की बघत जा.)

तर पाकीट आलं. साधं तपकिरी, आत पुठ्ठा. पोस्टमनने बाकीच्या टपालाबरोबर काउंटरवर टाकलं आणि गेला, सही नाही काही नाही. नेमके काका तेव्हा दुकानातच. मी कात्री घेतली तर म्हणाले थांब, फाडू नकोस, आधी बाहेरून बघू दे. आणि खिशातून भिंग काढलं.

पाकिटाचा अर्धा भाग जुन्या अमेरिकन तिकिटांनी भरलेला. तीन सेंटवाली १९४० च्या दशकातली, त्यात ते १९४८ चं कोंबडीचं तिकीट पण होतं, कुक्कुटपालन धंद्याला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं, मग १९७६ ची १३ सेंटची राज्यांच्या झेंड्यांची पट्टीच्या पट्टी, आणि थोडी २० नि २२ सेंटवाली. अमेरिकेत जुनं न वापरलेलं तिकीट आजही पोस्टेज म्हणून चालतं, आणि असली पोत्याने छापलेली तिकिटं तिथले डीलर छापील किमतीच्या बऱ्याच खाली विकत घेतात आणि पाकिटांवर डकवतात. यात गैर काही नाही, चान्स मिळाला तर मी पण करीन. पण काकांनी पेन घेऊन माझ्या बिलबुकाच्या मागे बेरीज मांडली, शाळेत पेपर तपासावा तशी, दोनदा. पाच डॉलर पण पूर्ण नाही. आणि तेही छापील किमतीने, सेलरला तर त्याहूनही कमी पडले असतील.

तिकिटं जमवणाऱ्या माणसाला पोस्टेजमध्ये फसवायचं म्हणजे कमालच आहे, अहो पाकीट वाचणं हाच तर आमचा छंद!

लिस्टिंगवर ट्रॅकिंगवालं पॅकेज लिहिलं होतं. पाकिटावर बारकोड नाही, ते दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असतात तो नंबर नाही. मी पुढून-मागून फोटो काढून सेलरला पाठवले. त्याचं उत्तर लगेच आलं आणि मला वाटतं तो ते घाईत लिहून बसला. म्हणे २०१८ पासून अमेरिकन पोस्टाच्या नियमाने परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रात फक्त कागदपत्रं चालतात, माल घालता येत नाही, म्हणून आम्हाला पॅकेजचा महाग रेट लावावा लागतो.

आता हे खरं आहे. जानेवारी २०१८ पासून तो नियम आलाय आणि तिथल्या प्रामाणिक छोट्या डीलरांची त्याने वाट लागली, दोन डॉलरचं तिकीट पाठवायला पॅकेजचे पैसे कोण देणार. पण मी एवढंच विचारलं की मग तुम्ही पत्रात का पाठवलंत? पैसे पॅकेजचे घेतले सात वेळा आणि पाठवलं एक पत्र, ते पण तुम्हीच सांगताय त्या नियमाबाहेर. साइटच्या तक्रार विभागात हाच मेसेज चिकटवला, कारण तिथे नुसतं शिपिंग जास्त आहे म्हटलं तर ते म्हणतात तुम्ही बघून घेतलंत ना. पैसे भरले ती सर्व्हिसच दिली नाही, असं म्हटलं की मग हलतात.

एक लॉटचे १८ ठेवून १०८ परत आले. ते १८ मला पटतात, पुठ्ठा, वेळ, पोस्टात जाणं, साइटची फी, हे मी पण रोज करतो. रुपयाचे डॉलर करताना कार्डावर जे जादा पैसे लागतात ते गेले ते गेलेच. शिवाय सेलरने आम्हाला ब्लॉक केलं.

तिकिटं सातही अस्सल निघाली हे सांगायचं राहिलं. भोरच्या तिकिटांत नकली पण फिरतात म्हणून धाकधूक होती. काकांनी पाकीटसुद्धा प्लास्टिकमध्ये घालून घरी नेलं.

दोन-तीन महिन्यांनी काका परत आले, त्याच सेलरकडे अर्ध्या आण्याची जोडी लागली होती, न कापलेली, चांगल्या रुंद कडांची. म्हणाले माझ्या पुतण्याच्या अकाउंटवरून घे. मी उघडून बघितलं, शिपिंग आता २२ डॉलर.

काका, २२ आहे.

बघितलं मी, घे तू.