येशूला ज्यूंनी मारलं ना, मग तुम्ही इस्रायलच्या बाजूने की विरोधात? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला ऑफिसात, विरारच्या ट्रेनमध्ये, लग्नाच्या जेवणात, सगळीकडे विचारला जातो आणि तिथे घाईघाईत काहीतरी बोलून वेळ निभावून न्यावी असा हा विषय नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी वसईची कॅथलिक, चर्चमध्ये मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, तिथली मुलंही हेच विचारतात, फक्त त्यांच्या प्रश्नात इस्रायल नसतो, सरळ "टीचर, यहुदी लोक वाईट होते का?" असंच असतं.

माझं म्हणणं असं आहे की ज्यू लोकांशी आमचं नातं हा श्रद्धेचा विषय आहे आणि इस्रायल नावाचं राज्य काय करतं हा न्याय-अन्यायाचा विषय आहे. हे दोन विषय वेगळेच ठेवले पाहिजेत. आमच्या चर्चला पहिली गोष्ट नीट बोलायला एकोणीसशे वर्षं लागली, आणि ती लाज फेडायची म्हणून दुसरीकडे डोळेझाक करावी असं कुठेही सांगितलेलं नाही.

आधी मारण्याचं बघू. क्रुसावर खिळणं ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन अधिकारी पिलाताचा, खिळे ठोकणारे शिपाई रोमन. यरुशलेममधल्या काही धर्मपुढाऱ्यांना येशू नको होता हेही खरं, शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांत, ते आहेच, पण त्याच्यासाठी वाटेत रडणाऱ्या बायका ज्यू, त्याची आई ज्यू, बाराच्या बारा प्रेषित ज्यू, आणि तो स्वतः आठव्या दिवशी सुंता झालेला, शब्बाथला (शनिवारी) सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, उभं राहून यशयाचं पुस्तक वाचणारा ज्यू. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगते, हे चर्चला माहीत नव्हतं असंही नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली जो अधिकृत कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिकवणीचं पुस्तक, निघाला त्यात स्पष्ट आहे की ख्रिस्ताच्या मरणाला सगळे पापी जबाबदार, आणि त्यातही आपण ख्रिस्ती जास्त, कारण आपण त्याला ओळखतो म्हणतो आणि तरी पाप करतो. पुस्तकात हे असं होतं आणि रस्त्यावर भलतंच चालू होतं. त्याच्या अकराच वर्षं आधी, १५५५ मध्ये, पोप चौथे पॉल ह्यांनी रोममधल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं होतं, ती व्यवस्था पोपांची रोमवरची राज्यसत्ता जाईपर्यंत म्हणजे १८७० पर्यंत, मधले थोडे काळ सोडले तर, चालली.

गुड फ्रायडेची जुनी प्रार्थना हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्या दिवशीच्या उपासनेत एकामागून एक लोकांसाठी प्रार्थना होतात, चर्चसाठी, पोपसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आणि प्रत्येक वेळी "गुडघे टेका" म्हटलं की सगळे गुडघे टेकून गप्प राहतात, मग उठतात. ज्यूंसाठीही प्रार्थना होती पण तिथे गुडघे टेकायचे नाहीत, शेकडो वर्षं हा नियम. कारण काय सांगायचे, तर ज्यूंनी गुडघे टेकून येशूची चेष्टा केली होती म्हणून. आता मत्तय किंवा मार्कचं शुभवर्तमान उघडून बघा, ती चेष्टा रोमन शिपायांनी केली आहे! म्हणजे ज्यांनी केली त्यांचं नाव विसरलो आणि ज्यांनी केली नाही त्यांच्या माथी मारलं, तेही आमच्या सगळ्यात पवित्र दिवशी. गुडघे टेकणं परत आलं १९५५ मध्ये, म्हणजे नाझींकडून साठ लाख ज्यू मारले गेल्यानंतर. त्यांच्यासाठी लावलेलं "विश्वासघातकी" हे विशेषण पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९५९ मध्ये काढलं.

हे सगळं युरोपातलं, आपल्याकडे काय त्याचं, असं काहीजण म्हणतात. आपल्याकडचंही सांगते. गार्सिया द ओर्ता हे नाव ऐकलं असेल, १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज डॉक्टर, मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं, आजच्या टाऊन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता. आपल्याकडच्या औषधी, मसाले, फळं ह्यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्या ख्रिस्त्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला लपून ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून काढून तीही जाळली. मेलेल्या माणसाची हाडं. आज पणजीत चर्चच्या समोरच्या भागात त्याच्या नावाची बाग आहे, लोक संध्याकाळी मुलांना घेऊन बसतात. गोव्यात इन्क्विझिशन आणा असं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून सुचवणाऱ्यांत संत फ्रान्सिस झेवियरही होते, १५४६ चं पत्र आहे. आमच्या वसईत घरोघरी झेवियरची तसबीर असते, मीही त्यांच्याकडे प्रार्थना करते, आणि तरी हे मी वर्गात मोठ्या मुलांना सांगते, कारण संताचा प्रत्येक सल्ला पवित्र नसतो.

त्याच किनाऱ्यावर, वसईच्या थोडं खाली अलिबाग-पेणकडे, बेने इस्रायली लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आणि त्यांच्या वाट्याला शेजाऱ्यांकडून असं काही आलं नाही. मराठी बोलणारे ज्यू, नवस फेडायला एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा करणारे. तो एलियाहू म्हणजे आमच्या बायबलातला एलिया संदेष्टाच.

मग बदल झाला कसा? एका म्हाताऱ्या माणसामुळे बराचसा. ज्यूल इझाक, फ्रेंच इतिहासकार, ज्यू, बायको आणि मुलगी नाझींनी मारलेली. लपूनछपून राहत असतानाच त्यांनी शुभवर्तमानं आणि चर्चची शिकवण शेजारी ठेवून अभ्यास सुरू केला आणि दाखवून दिलं की हा तिरस्कार येशूच्या शिकवणीत नाही, नंतर शिकवला गेलाय. १३ जून १९६० ला, बयाऐंशी वर्षांचे असताना, ते पोप जॉनना भेटले. पोप जॉन स्वतः महायुद्धात तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी होते, ज्यूंना निसटायला त्यांनी मदत केली होती, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी कार्डिनल बेआ ह्यांना कामाला लावलं. पुढे व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, तिच्या तयारीत आणि प्रत्यक्ष परिषदेत मिळून पाच वर्षं ओढाताण झाली. अरब देशांतल्या बिशपांना भीती की इथून ज्यूंबद्दल चांगलं काही निघालं तर तिकडे त्यांच्या लोकांना त्रास होईल (ती भीती खोटी नव्हती), म्हणून मसुद्यात इतर धर्मही आले. म्हणजे चर्चच्या ज्या घोषणेत हिंदू धर्माबद्दल आदराने लिहिलंय तिची सुरुवात ज्यूंच्या प्रश्नातून झाली, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. २८ ऑक्टोबर १९६५, घोषणेचं नाव 'नोस्त्रा एताते', बाजूने २२२१ मतं, विरोधात ८८. त्यात म्हटलंय की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच, आणि ज्यूद्वेष कोणीही कधीही केला तरी चर्चला तो मान्य नाही.

संत पौलाने रोममधल्या, ज्यू नसलेल्या ख्रिस्त्यांना हे आधीच लिहून ठेवलं होतं, त्यातलं मूळ झाड म्हणजे ज्यू. तू रानटी जैतुनाची फांदी, तुझं कलम चांगल्या झाडावर केलंय, मुळाला तू पोसत नाहीस, मूळ तुला पोसतं, तेव्हा फुशारकी नको. देवाने ज्यूंशी केलेला करार मोडलेला नाही ही आता आमची अधिकृत शिकवण आहे, आणि ज्यूंना ख्रिस्ती करण्यासाठी चर्च खास मिशन चालवत नाही हे व्हॅटिकनने २०१५ मध्ये लिहून दिलंय. मला हे मनापासून पटतं.

आता इस्रायल. जानेवारी १९०४ मध्ये थिओडोर हर्झल, झायोनिस्ट चळवळीचे नेते, पोप दहाव्या पायसना भेटले, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं घर व्हावं म्हणून पाठिंबा मागायला. पोप म्हणाले जमणार नाही, ज्यूंनी आमच्या प्रभूला मानलं नाही म्हणून आम्ही ज्यूंना मानू शकत नाही, असं हर्झलनी डायरीत नोंदवलंय. बघा, राजकारणाच्या प्रश्नाला धर्माचं उत्तर दिलं, आणि तेही चुकीच्या धर्मशिकवणीचं. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल पवित्र भूमीला गेले तेव्हाही त्यांनी इस्रायल हे नाव उच्चारलं नाही. व्हॅटिकन आणि इस्रायलचा करार झाला थेट ३० डिसेंबर १९९३ ला. आणि पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये गेले तेव्हा त्याच हर्झलच्या समाधीवर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, पण आदल्या दिवशी बेथलेहेममध्ये काँक्रीटच्या विभाजक भिंतीपाशी गाडी थांबवून उतरले आणि भिंतीला हात आणि कपाळ टेकून प्रार्थना करत उभे राहिले. मला विचाराल तर कॅथलिक भूमिका काय ते ह्या दोन दिवसांत दिसतं. इस्रायलला नांदायचा हक्क आहे, आणि तो हक्क इतर देशांसारखा आंतरराष्ट्रीय कायद्याने मोजायचा, बायबलातल्या नकाशाने नाही. पॅलेस्टाइनशीही व्हॅटिकनने २०१५ मध्ये करार केला, तो ह्याच हिशोबाने.

म्हणूनच अमेरिकेतले काही इव्हॅन्जेलिकल पाद्री जे सांगतात, की १९४८ मध्ये इस्रायल झालं म्हणजे भविष्यवाणी पूर्ण झाली, आता इस्रायल जे करेल त्याला आशीर्वाद द्या नाहीतर देव कोपेल, ते आमचं मत नाही. आमच्या वसईच्या ग्रुपांवरही हे व्हिडिओ येतात, लोक भाबडेपणाने पुढे पाठवतात. यरुशलेमच्या तेव्हाच्या लॅटिन पॅट्रिआर्कनी, म्हणजे तिथल्या कॅथलिकांच्या प्रमुखांनी, तिथल्या इतर काही चर्चच्या प्रमुखांसोबत २००६ मध्येच सही करून हा विचार नाकारलाय, कारण त्याची किंमत त्यांचीच माणसं मोजतात. अरबी बोलणारे ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या तिथलेच, ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांना बेथलेहेमहून यरुशलेमला ईस्टरला जायला परमिट लागतं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशेजणांना ओलीस नेलं, तेव्हा यरुशलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाल्ला म्हणाले, ओलीस मुलांच्या बदल्यात मला न्या. तेच कार्डिनल नंतर गाझात जाऊन तिथल्या उपाशी लोकांबद्दल बोलले. गाझात एकच कॅथलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचं, युद्ध सुरू झाल्यापासून पोप फ्रान्सिस स्वतःच्या मरणापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे, आज काय जेवलात, असं विचारायचे. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चवर इस्रायली तोफगोळा पडला, तिघं गेले. इस्रायल म्हणाला चुकून. इस्रायलला ह्याचा जाब विचारणं म्हणजे ज्यूद्वेष नाही, हे मी ठामपणे म्हणते.

पण गेल्या दोनेक वर्षांत दुसरी एक गोष्ट व्हायला लागलीय आणि ती मला तितकीच खुपते. गाझाबद्दलच्या संतापातून "ही जातच तशी, ख्रिस्तालाही ह्यांनीच मारलं" असे मेसेज परत यायला लागलेत, आपल्या मराठीत, आपल्याच माणसांकडून. गाझातल्या मुलाचा फोटो आणि खाली हे वाक्य. त्या मुलाशी ह्या वाक्याचा काडीचा संबंध नाही. असा मेसेज आला की मी फोटो ठेवा आणि वाक्य काढा असं त्याच ग्रुपवर लिहिते, खाली १९६५ च्या घोषणेतला तो परिच्छेद मराठीत टाकते, कोणाला राग आला तर येऊ दे. आणि गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूच्या दुःखसहनाचं वर्णन वाचताना "ह्याला क्रुसावर द्या" ही जमावाची वाक्यं आम्ही सगळे मिळून मोठ्याने म्हणतो ना, ती कोणाच्या तोंडी दिलीयत आणि का, हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी आदल्या रविवारीच समजावून सांगते.