घाणेरी समजून तोडलेला कुडा

फेब्रुवारीच्या अखेरच्या शनिवारी आम्ही चौदा स्वयंसेवक ठाण्यातील येऊरच्या उतारावरील एका खासगी जागेत दोन दिवसांच्या मुक्कामाला गेलो. गटप्रमुख मीच होते. जागेचे मालक सत्तरीतले काका. त्यांच्या वडिलांच्या काळी तेथे ऐन, किंजळ, आसाणा दाट होते, आता मात्र मोठ्या झाडांखाली घाणेरी अशी माजली होती की वाट काढायलाही कोयता लागावा. १९व्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलेले हे अमेरिकेतले झुडूप बुलबुलांनी फळे खाऊन रानोरानी नेले.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. म्हणून बुंध्याभोवतीची माती कुदळीने मोकळी करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर तोडायचे आणि उपटलेले झुडूप फांदीवर उलटे टांगायचे, म्हणजे मुळाला पुन्हा माती लागत नाही. हे मी सकाळी सर्वांना मोठ्या आत्मविश्वासाने करून दाखवले, आणि अकराच्या सुमारास माझ्याच कोयत्याखाली बोटभर जाडीची एक निष्पर्ण काठी आली. घाव बसताच तिच्यातून पांढरा चीक ओघळला. घाणेरीला चीक नसतो, हे मला चांगले ठाऊक होते. फक्त हात डोळ्यांच्या पुढे धावला होता.

शेजारच्या पाड्यावरून मदतीला आलेल्या वारली मावशींनी तो तुकडा उचलला. "ताई, ह्यो कुडा हाय. याच्या फुलांची भाजी करतो आमी." एवढे बोलून त्यांनी आमचा ढीग उपसला आणि त्यातून आणखी दोन कुडे काढून माझ्यासमोर ठेवले. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. मग त्यांनी दाखवले की पाड्यावरच्या शेळ्या घाणेरीच्या काट्यांत शिरत नाहीत, म्हणूनच ही रोपे आत वाचली आहेत. सगळे एका दिवसात मोकळे केले तर पावसाआधीच त्यांचा फडशा पडेल. माझा खुंट त्यांनी जमिनीलगत तिरका, स्वच्छ कापला आणि म्हणाल्या, "फुटंल."

दुपारी आम्ही एकही मूळ तोडले नाही. मावशी नखाने साल खरवडून झाड ओळखत आणि आम्ही त्यावर जुन्या साडीच्या चिंध्या बांधत असू. रात्री वाळलेल्या पाचोळ्यामुळे शेकोटी केली नाही; खालच्या अंगाला वानरे खोकल्यासारखी ओरडू लागली तेव्हा बिबट्याच्या शंकेने सगळेच काकांच्या ओसरीवर सरकले.

रविवारी चिंध्यांभोवतीची घाणेरी तेवढी काढली आणि शेळ्यांच्या वाटेकडची जाणूनबुजून राखली. काम जेमतेम दोन गुंठे झाले.

"अर्धा एकर म्हणाला होतात ना?" काकांनी विचारले.

मी त्यांना उतारावर नेले. चष्मा पुसून ते चिंध्या मोजू लागले, सतराव्या चिंधीपाशी चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.