एक भरलेली वाटी आणि तीन मांजरं

घरात मांजरं दोनाची तीन झाली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक वाटी कायम भरलेली दिसते. येता-जाता जो तो तोंड घालतो. सगळी तरुण, सडपातळ आणि धडधाकट असतील तोवर हे निभतं. पण पिल्लू आलं, नसबंदीनंतर बोका सुटला किंवा म्हातारीच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याची खूण, वाढलं की आधी ती वाटी उचलायची. खाण्याचा ब्रँड कोणता, हा प्रश्न नंतरचा. नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेलं महागाचं खाणं येतं, जुन्या वाटीशेजारी नवी वाटी मांडली जाते आणि पिल्लू किडनीचं खातं, म्हातारी पिल्लाचं खाते, बोका दोन्ही चाटूनपुसून साफ करतो.

हेच घर धरून चालू. पिल्लू चार महिन्यांचं, 2 किलो. बोका 6.5 किलो, असायला हवा 5. म्हातारी मनी 12 वर्षांची, साडेतीन किलो, किडनी अधू.

कुणाला किती लागतं हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. वजनाला त्याच वजनाने दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि 70 ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. बोक्यासाठी आजचं वजन घ्यायचं नाही, हवं ते घ्यायचं: 5 गुणिले 5 गुणिले 5 म्हणजे 125, वर्गमूळ 11.18, पुन्हा वर्गमूळ 3.34, गुणिले 70 म्हणजे 234. वजन उतरवायचं म्हणून त्याच्या 0.8 पट, म्हणजे 187. पिल्लाचं तसंच काढलं तर 118 येतात, पण वाढीच्या वयात त्याच्या अडीचपट लागतं, म्हणजे 295 च्या आसपास. दोन किलोच्या पिल्लाला बोक्याच्या दीडपट खाणं लागतं! हे सुरुवातीचे आकडे आहेत; पुढे वजनकाटा सांगेल तसं कमी-जास्त करायचं.

बोक्याच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी लिहिल्या असतील तर त्याचा दिवसाचा कोटा 52 ग्रॅम. मूठभर, वाटीभर ही मापं इथे निरुपयोगी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटाच हवा. पिल्लाचं खाणं जास्त जड असतं, 100 ग्रॅमला 400 च्या आसपास. त्यातले 10 ग्रॅम, म्हणजे तळहातावर मावतील एवढे दाणे, बोक्याने चोरले की 40 किलोकॅलरी गेल्या. दिवसाच्या कोट्याचा पाचवा हिस्सा! शेजारच्या काकूंनी प्रेमाने 100 मिलि म्हशीचं दूध पाजलं तर अर्ध्याहून जास्त कोटा तिथेच संपला, वर जुलाबाची शक्यता, कारण बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. काकूंना आकडा सांगा, 'दूध देऊ नका' एवढंच म्हणून भागत नाही.

सगळ्या चोऱ्या सारख्या नसतात. बोक्याने मनीचं थोडं खाल्लं तर एखाद्या दिवसाने बिघडत नाही. पिल्लाने मात्र रोज किडनीचं खाणं खाता कामा नये. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात आणि वाढत्या हाडांना नेमके तेच लागतात. उलट पिल्लाचं फॉस्फरसने भरलेलं खाणं मनीच्या किडनीवर भार टाकतं. सुकट-बोंबील तर तिला नकोच. म्हणून पहारा द्यायचा तो पिल्लाच्या वाटीवर. ती एक सांभाळली की मनी आणि बोका दोघांचं नुकसान टळतं; मनीची वाटी दाराआड राहते.

आता प्रत्यक्ष मांडणी. बोका आणि मनी यांना ठरावीक वेळी दिवसातून तीनदा, वीस मिनिटं. पिल्लाला सहा महिन्यांपर्यंत चारदा. मनी हळू खाते, म्हणून तिला आधी न्हाणीघरात वाटी देऊन दार लावायचं. बोका सगळ्यात शेवटी, कारण तो दोन मिनिटांत उरकून गस्तीला निघतो. वीस मिनिटांनी वाट्या उचलून, उरलेलं वजन करून लिहायचं.

साताऱ्यातल्या जुन्या पेठांतल्या घरांत कोनाडे असतात, फडताळं असतात. लठ्ठ बोक्याला चार फूट उडी झेपत नाही, पिल्लाला झेपते. तेव्हा पिल्लाची वाटी वर. पण बोका बारीक झाला की तोही वर पोचतो, म्हणजे उपाय लागू पडला की युक्ती बाद. म्हातारीला मात्र उंचावर चढायला लावू नका, सांधे दुखत असतात.

फ्लॅटमध्ये कोनाडा नसेल तर झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, चाळीस-पन्नास लिटरचा. पिल्लाच्या खांद्यांची रुंदी मोजा, त्यात एक सेंटिमीटर मिळवून गोल भोक कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, दुसऱ्या बाजूला हवेसाठी बारीक भोकं पाडा. चूक होते ती वाटीच्या जागेत: भोकाजवळ ठेवली तर बोका पंजा घालून दाणे ओढतो. वाटी भोकापासून फूटभर आत हवी आणि झाकणावर वीट हवी. दर पंधरा दिवसांनी पिल्लू वाढतं, त्यामुळे डबा महिना-दीड महिनाच पुरतो. बोका अर्धा आत अडकून बसायचीही भीती असते, तेव्हा घरात कुणी नसताना डबा मांडून ठेवू नका.

मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणारी वाटी मिळते. महाग आहे, पण घरातले सगळे दिवसभर कामावर असतील तर तिला तोड नाही. चिप नसेल तर पट्ट्यातल्या टॅगवरही चालणारी घ्या. जिची वाटी ते मांजर खात असताना चोर बाजूने डोकं घालतो, म्हणून ती भिंतीच्या कोपऱ्यात, दोन बाजू झाकून ठेवायची.

खाणं बदलताना सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा आपल्याकडचा लाडका सल्ला मांजराला लावू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. मनीने किडनीचं खाणं नाकारलं तर वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं कोमट करा, वास सुटतो. तरीही नाही म्हणाली तर ती जे खाईल ते द्या आणि डॉक्टरांशी बोला. किडनीच्या मांजराने उपाशी राहणं जास्त वाईट.

घरचं देणाऱ्यांसाठी: नुसतं उकडलेलं चिकन आणि भात यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. त्यावर वाढलेलं पिल्लू लंगडतं, साध्या उडीत हाड मोडतं. कुत्र्याच्या खाण्यावरही मांजर ठेवू नका, टॉरिन हे मांजराला खाण्यातूनच लागणारं पोषकद्रव्य कमी पडतं. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचं हृदय फुगतं हे 1987 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात ते वाढवलं. रविवारच्या रश्शातली फोड धुऊन दिली तरी कांदा-लसणाचा अंश राहतो, आणि तो मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. श्रावणात घरात मटण-मासे बंद असले तरी मनीचं पाकीट बंद करता येत नाही, एवढं सोवळ्यातल्या आजींना आषाढातच सांगून ठेवा.

पावसाळ्यात दाणे सादळतात आणि सादळलेल्या दाण्यांना मांजर तोंड लावत नाही. मग 'नवं खाणं आवडलं नाही' असा गैरसमज होतो. पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा; पिशवी टाकू नका, तिच्यावर तारीख आणि बॅच असते. मुंग्यांसाठी परातीत पाणी आणि मध्ये वाटी, तीच जुनी युक्ती. एप्रिल-मेमध्ये ओलं खाणं अर्ध्या तासाच्या वर बाहेर नको. किडनीचं खाणं गल्लीतल्या दुकानात सहसा नसतं, तेव्हा दहा दिवसांचं उरलं की पुढची ऑर्डर द्या.

बोक्याचं वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. आठवड्याला 65 ग्रॅम उतरलं तर उत्तम, 130 च्या वर जाऊ लागलं तर खाणं पाच-सात ग्रॅमने वाढवा. माणसाच्या काट्यावर त्याला उचलून उभं राहिलं तर शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्यात काही कळत नाही. तान्ह्या बाळांचा काटा आणा. चार आठवड्यांत वजन हललंच नाही तर 52 ग्रॅमचे 45 करण्याआधी दुपारी तो कुणाच्या पडवीत जेवतो ते बघा.